आधी सुई, मग ताट

कुमुदताई कर्णिकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला बस म्हणायच्या आधी साखरेचा डबा दाखवला. थेट स्वयंपाकघरात नेलं, ओट्याखालच्या फळीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, ‘‘हा डबा इथे असतो. उजवीकडे. याच्यावर काही ठेवलेलं मला चालत नाही, याला हलवलेलं तर बिल्कुल नाही. बघून ठेव.’’

मी नुकतीच लग्न होऊन नाशिकहून दिल्लीला आले होते. रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही तळमजल्यावर आणि त्या आमच्या डोक्यावर. मी गेले होते विरजण मागायला, आणि ही उंच, काटकुळी बाई मला साखर कुठे असते ते समजावून सांगत होती. मला वाटलं, दिल्लीत शेजाऱ्यांची ओळख अशीच होत असेल.

‘‘मला डायबिटीस आहे. इन्शुलिनवाला,’’ त्या पुढे म्हणाल्या. ‘‘कधीकधी साखर एकदम खाली जाते. तेव्हा मी घामाघूम होते आणि वेड्यासारखी बोलते. कुणाशीही भांडते. तू उलटून भांडू नकोस. यातली साखर पाण्यात घाल आणि मला पाज. भांडण मग सावकाश करू. कळलं?’’

मी मान हलवली. मग त्यांनी वाटीत विरजण घातलं आणि म्हणाल्या, ‘‘आणि जामन म्हण ना यार. विरजण विरजण काय करतेस!’’

त्यांचे वडील स्वातंत्र्यानंतर लगेच सेक्रेटरिएटच्या नोकरीसाठी दिल्लीला आलेले. कुमुदताई जन्मल्या त्या गोल मार्केटच्या क्वार्टरमध्येच. घरात मराठी होतं, पण त्यातले बरेच शब्द कुठेकुठे सांडून गेले होते आणि तिथे हिंदी येऊन बसली होती. आमच्या मराठी मंडळातल्या सत्तरीच्या माणसालाही त्या बेधडक ‘यार’ म्हणायच्या. त्या स्वतः एका मंत्रालयात होत्या, पुढे सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. म्हणजे एकदा जमत आलं होतं. मुलाकडची मंडळी बघायला आली, पोह्यांच्या बश्या समोर आल्या, आणि कुमुदताईंनी सगळ्यांच्या देखत सिरिंज काढून दंडात टोचली. नंतर काही कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं, हा त्यांचा हिशेब. ‘‘मग काय झालं?’’ मी विचारलं होतं. ‘‘काय होणार? गेले. पण पोहे संपवून गेले हां,’’ असं म्हणून त्या इतक्या हसल्या की मला हसावं की नाही ते कळेना.

हा रोग त्यांच्या मागे लागला कॉलेजात असताना. तरण्या मुलीला मधुमेह म्हणजे त्या काळी घरच्यांचे हातपाय गळायचे. हॉस्पिटलात आईला सुई टोचायला शिकवली. पण रोज सकाळी त्या माउलीचा हात थरथरायचा आणि डोळे भरून यायचे. मग एका सकाळी कुमुदताईंनी आईच्या हातातून सिरिंज काढून घेतली. ‘‘तू रडतेस ना, त्यानं जास्त दुखतं. आण इकडे.’’ त्या दिवसापासून इन्शुलिनची सुई त्यांनी दुसऱ्या कुणाला टोचू दिली नाही. मी असताना एकदा पाय घसरून त्यांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं, तर डाव्या हातानं टोचली. मला नुसती बाटली धरायला उभं केलं होतं. ‘‘माझी सुई मीच टोचणार. बाकी आयुष्यात कुणी काय टोचायचं ते टोचू दे,’’ असं त्यांचं म्हणणं.

सकाळी छोट्या पातेल्यात काचेची सिरिंज उकळायला ठेवलेली, बाजूला स्पिरिटचा वास, आणि कुमुदताई पातेल्यावर लक्ष ठेवून पेपर वाचताहेत, हे त्यांचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर पक्कं आहे. ‘आधी सुई, मग ताट’ हे त्यांचं पालुपद. मे महिन्यात वीज जायची. फ्रिज बंद पडला की इन्शुलिनच्या बाटल्या एका छोट्या माठात उतरायच्या, माठाभोवती ओलं फडकं, आणि ते फडकं वाळू नये म्हणून या बाई दुपारभर राखण करीत बसायच्या. आलेला पाहुणा हमखास त्याच माठातलं पाणी मागायचा. पायांवर त्यांचा फार जीव. साडीखाली मोजे आणि कॅनव्हासचे बूट, भर उन्हाळ्यात सुद्धा. आरतीला उभ्या राहायच्या तेव्हा बूट काढत, मोजे नाही. कुणी नाक मुरडलंच तर उत्तर तयार असे, ‘‘देवाला मोजे चालतात. मला जखम चालत नाही.’’

गोड पदार्थांशी त्यांचं नातं मजेशीर होतं. समोरच्या चोप्रा आंटी दर सणाला लाडू घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, ‘‘बेटा, एक से क्या होता है?’’ कुमुदताई लाडू हातात घ्यायच्या, डोळे मिटून हुंगायच्या आणि सांगायच्या, ‘‘बेसन थोडा और भूनना था, आंटी.’’ मग तो लाडू माझ्या हातात. आंटी एकीकडे चिडायच्या, दुसरीकडे पुढच्या वेळी बेसन जास्त भाजायच्या. संक्रांतीला मंडळाची बस पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जायची. तिथल्या कडाक्याच्या थंडीत इन्शुलिनची बाटली स्वेटरच्या आत अंगाशी धरून कुमुदताई प्रत्येकाचा तिळगूळ घ्यायच्या, हुंगायच्या, पिशवीत टाकायच्या. ‘‘वासात साखर नसते,’’ म्हणायच्या. त्यांच्याइतकं मन लावून गोड कुणी खाल्लेलं मी पाहिलेलं नाही.

त्यांनी सांगितलेलं ते वेड्यासारखं बोलणं मला लवकरच बघायला मिळालं. एका सकाळी त्या जिन्यात उभ्या राहून माझ्यावर ओरडायला लागल्या की पाण्याचा पंप मीच बंद केला. पंप चालू होता, त्याची घरघर दोघींनाही ऐकू येत होती. कपाळावर घाम, जीभ जड. मी डब्याकडे धावले, पाणी केलं, पेला ओठांना लावला. ‘‘मी ठीक आहे,’’ असं दातांतून म्हणत त्यांनी पेला ढकलला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा प्यायल्या. मग पायरीवर बसून राहिल्या. चेहरा हळूहळू त्यांचा त्यांच्याकडे परत आला. ‘‘हं,’’ म्हणाल्या, ‘‘आता भांडू या. काय म्हणत होते मी?’’

पण नेहमी अशी गंमत नसायची. हिवाळ्यात आम्ही गच्चीवर ऊन खात मटार सोलत बसायचो. एका रविवारी त्यांनी सोलता सोलता हात थांबवला. ‘‘कंटाळा येतो गं रेखा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सरकारी नोकरीत सुद्धा कॅज्युअल लीव्ह असते. याला एक दिवस नाही. आजारी पडले तरी हा आजार चालूच. रोज सकाळी उठून आज किती खाणार, किती चालणार, कुठे उशीर होणार, सगळं आधी ठरवायचं. आणि एवढं करून एखाद्या दिवशी साखर चढतेच. काही केलेलं नसताना. मग डॉक्टर विचारतो, क्या खाया था?’’ मी त्यांच्या पुढ्यातल्या शेंगा माझ्याकडे ओढून घेतल्या. थोड्या वेळानं त्यांनी त्या परत घेतल्या आणि म्हणाल्या, ‘‘तू दाणे कमी आणि आळ्या जास्त ठेवतेस.’’

आता ती पंचामृताची गोष्ट. आमच्या मंडळात ती अजून सांगतात आणि प्रत्येक जण वेगळी सांगतो, पण मी तिथे होते.

गणपतीचा महाप्रसाद होता. कुमुदताई सकाळपासून हॉलच्या स्वयंपाकघरात मोदक वळत होत्या. त्यांच्यासारख्या कळ्या कुणाला जमायच्या नाहीत. सारणाची चव मी घ्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघून वेलची कमी की जास्त ते त्यांनी ओळखायचं, अशी आमची पद्धत. मंडळाचे सेक्रेटरी जोगळेकर काका माइकवरून सांगून गेले की साडेबाराला आरती आणि लगेच पंगत. ते ऐकून कुमुदताईंनी हात धुतले, आतल्या खोलीत जाऊन सुई टोचली आणि येऊन बसल्या.

आणि प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. कुणी खासदार होते महाराष्ट्रातले. ते आल्याशिवाय आरती नाही, आरतीशिवाय नैवेद्य नाही आणि नैवेद्याशिवाय कुणाच्या पानात काही नाही. ‘‘निघाले आहेत, पाच मिनिटांत येतील,’’ असं जोगळेकर काका दर थोड्या वेळानं सांगत होते. अंगात गेलेलं इन्शुलिन पाहुण्यांसाठी थोडंच थांबणार! कुमुदताईंचा चेहरा उतरायला लागला तशी मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. त्यांच्या पिशवीत साखरेची डबी कायम असायची. उघडली तर रिकामी.

‘‘अगं बाई, ती होय!’’ पंचामृत करणाऱ्या एक वहिनी म्हणाल्या. ‘‘साखर कमी पडली, तुमच्या पिशवीत दिसली, घेतली. म्हटलं, आपल्याच कुमुदताईंची आहे.’’

‘‘कुठाय माझी साखर?’’ कुमुदताईंनी विचारलं. त्यांचे डोळे कुठेतरी लांब लागले होते.

‘‘पंचामृतात. देवापुढे ठेवलंय.’’

मी गूळ शोधायला वळले तेवढ्यात त्या निघाल्या. भरल्या हॉलमधून, सतरंजीवर बसलेल्या माणसांमधून वाट काढत सरळ मखरापाशी गेल्या, चांदीची वाटी उचलली आणि उभ्यानं सगळं पंचामृत पिऊन टाकलं. मग ताटातला एक मोदक घेतला आणि गणपतीच्या शेजारी बसून खायला लागल्या. कित्येक वर्षांत त्यांनी मोदक तोंडात घातला नव्हता. घातला तो हा, सगळ्यांच्या आधी, देवाच्याही आधी.

जोगळेकर काका सोवळ्यात तसेच पुढे धावले. ‘‘अहो कुमुदताई! नैवेद्य दाखवायचाय अजून! उष्टं केलंत सगळं!’’

कुमुदताईंनी घास नीट चावून गिळला. पदरानं घाम पुसला. आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, ‘‘माझी साखर होती, काका. देवाकडे गेली होती, परत घेतली.’’

काही जण हसले, बरेच जण नाही. पुढच्या आठवड्यात कार्यकारिणीची सभा झाली आणि काही मंडळींनी माफीची मागणी केली. कुमुदताई उठून उभ्या राहिल्या. ‘‘माफी मागणार नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढच्या वर्षी माझी सुई झाल्यावर ताट उशिरा आलं, तर मी पुन्हा वाटी उचलीन. देवाला वेळ असतो यार. मला नसतो.’’ एवढं बोलून बसल्या. मला त्यांचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, कारण या परक्या शहरात मंडळ हेच आमचं गाव होतं. जोगळेकर काका सभेत एक शब्द बोलले नाहीत. माफीचा विषय तसाच लोंबकळत राहिला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी वर बसले होते तर दारात जोगळेकर काका. हातात नागपूरच्या संत्र्यांची पिशवी. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, तरी उठेनात. शेवटी चपलेकडे बघत म्हणाले, ‘‘कुमुदताई, डॉक्टरांनी मला सुई सांगितली आहे. गोळ्या कधीपासून चालू आहेत. मंडळात कुणाला ठाऊक नाही.’’ मग म्हणाले, ‘‘त्या दिवशी माझेही पाय लटपटत होते. मखराच्या पडद्यामागे जाऊन एक पेढा खाल्ला मी. नैवेद्यातलाच.’’

मला वाटलं, आता या बाई त्यांना सोलून काढणार. पण कुमुदताई उठल्या, सिरिंज आणली, त्यात साधं पाणी भरलं आणि एक संत्रं त्यांच्या हातात दिलं. ‘‘टोचा. सरळ. घाबरत घाबरत टोचलं की जास्त दुखतं.’’ काकांनी डोळे मिटून टोचलं आणि स्वतःच ‘आई गं’ म्हणाले. ‘‘काका, संत्र्याला लागलं, तुम्हाला नाही,’’ कुमुदताई म्हणाल्या. पिशवीतली निम्मी संत्री संपेपर्यंत त्यांची शिकवणी चालली होती.

त्यानंतर मंडळाचा नियम बदलला. पाहुणे येवोत न येवोत, आरती ठरल्या वेळी आणि पंगत त्याच्या पाठोपाठ. भाषणं जेवणानंतर. शिवाय एक वेगळी रांग सुरू झाली, तिला सगळे सुईवाल्यांची पंगत म्हणत. त्या रांगेत आधी कुमुदताई आणि जोगळेकर काका दोघेच असायचे. हळूहळू ती अशी लांबली की मंडळात इतकी वर्षं पडद्यामागे किती जण पेढे खात होते, ते सगळ्यांना कळलं.

वर्षं गेली. काचेची सिरिंज जाऊन प्लॅस्टिकची आली, बोट टोचून साखर सांगणारं यंत्र आलं. कुमुदताई निवृत्त होऊन दिल्लीतल्याच द्वारका भागात राहायला गेल्या, पाठोपाठ आम्हीही त्याच भागात घर घेतलं. जोगळेकर काका वारले. आणि कुमुदताईंचे डोळे कमी व्हायला लागले. लेझर झालं, इलाज झाले, पण एक दिवस जेवताना त्यांनी मला हळूच विचारलं, ‘‘वरण केलंयस की कढी?’’ तेव्हा मी काय समजायचं ते समजले.

त्यांच्या भावाची मुलगी माधवी गुडगावला नोकरी करायची. गुणी मुलगी, आत्यावर जीव. ती आली आणि तिनं स्पष्टच सांगितलं. ‘‘आत्या, तुला सिरिंजवरच्या खुणा दिसत नाहीत. थोडं जास्त भरलं गेलं तर तू झोपेतून उठणार नाहीस. तू माझ्याकडे चल. नर्स ठेवू, ती सुई देईल.’’ खरं सांगायचं तर मला माधवीचं पटत होतं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

कुमुदताई रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. ‘‘डोळे जायचे तर जाऊ देत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण रोज सकाळी उठून दुसऱ्याच्या हाताची वाट बघत बसायचं, ते माझ्यानं होणार नाही. मला आईचा हात आठवतो गं. एवढी एकच गोष्ट आहे जी मी या रोगाकडून हिसकावून घेतली. ती नका परत देऊ त्याला.’’

मार्ग त्यांनीच काढला. इन्शुलिनचं पेन मिळायला लागलं होतं. त्याचं टोक फिरवलं की एकेका मात्रेला टिक असा आवाज होतो. दिसत नाही तर ऐकू तर येतं, असं म्हणून त्यांनी ते मागवलं आणि माधवीशी करार केला. दर रविवारी माधवीनं समोर बसायचं, कितीही मात्रा सांगायची, आणि यांनी कानानं मोजून लावायची. एकदा जरी चुकली तरी बॅग भरून गुडगाव. जूनचे दिवस होते. ‘‘पंखा बंद करा, मला मोजू द्या,’’ असं म्हणून कुमुदताई डोळे मिटून बसायच्या आणि आम्ही दोघी घामानं निथळत त्यांच्या ओठांकडे बघायचो. टोचायला पुन्हा संत्रं. माधवीनं कठीण आकडे सांगून पाहिले, मध्येच बोलून पाहिलं. पावसाळा संपत आला तरी एकदाही चूक निघाली नाही. शेवटी एका रविवारी ती पेन हातात घेऊन, आकडा बघून नुसती म्हणाली, ‘‘आत्या, आता पंखा लावू?’’ त्यानंतर गुडगावचा विषय निघाला नाही.

पुढे आम्ही मुलाकडे पुण्याला आलो, आणि दुसऱ्या वर्षी चैत्रात कुमुदताई गेल्याचा माधवीचा फोन आला. शेवटच्या दिवसापर्यंत सुई त्यांनीच टोचली, हे तिनं मी न विचारता सांगितलं. मी फोन ठेवला आणि खूप रडले.

पण मला त्या आठवतात त्या दिल्लीतल्या आमच्या शेवटच्या गणपतीतल्या. आरती झाली होती, पानं मांडली होती. लहान मुलं स्टेजपाशी लेझीम खुळखुळवत होती, माइकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं, स्वयंपाकघरात पातेली आपटत होती. सुईवाल्यांच्या रांगेत, भिंतीलगतच्या पहिल्या पानावर कुमुदताई. पायांत मोजे. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि नुसता हात वर केला.

शेजारचे गप्प झाले. मग त्यांच्या पलीकडचे. माइकवाल्यानं माइक बंद केला, कुणीतरी मुलांच्या हातातली लेझीम धरली, स्वयंपाकघरात कुणी तरी ‘शू’ केलं. गळ्यात हार घातलेले प्रमुख पाहुणे दारातून आत येत होते, त्यांना कार्यकर्त्यांनी उंबरठ्यावरच थांबवलं. त्या शांततेत मला पेनाचा आवाज ऐकू आला. टिक. टिक. टिक. तेवढ्यात कुणाचा तरी मोबाइल वाजला.

‘‘पुन्हा,’’ कुमुदताई म्हणाल्या आणि टोक उलटं फिरवून पहिल्यापासून सुरुवात केली. सगळा हॉल पुन्हा थांबला. पाहुणेही थांबले. त्यांचे ओठ हलत होते, डोळे मिटलेले होते. मोजून झालं. साडीचा पदर सारून त्यांनी सुई टोचली, जरा वेळ तशीच धरून ठेवली, काढली, टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये ठेवलं.

मग हातानं चाचपून पान जवळ ओढून घेतलं.

‘‘हं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘वाढा.’’